संगणकशास्त्राची पदवी : गुण कमी पडल्यावर प्रवेशाचा विचार कसा करावा?

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, एक पालक आपल्या कन्येला घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या हातात कागदपत्रांची फाईल होती. मुलीला बारावीच्या परीक्षेत ८२ टक्के गुण मिळाले होते. घरी पेढे वाटून झाले होते, आखाती देशात असलेल्या काकांचा अभिनंदनाचा फोनही येऊन गेला होता. त्यानंतर सीईटीचा निकाल लागला आणि त्यात ७१ पर्सेंटाइल आले. मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या महाविद्यालयांत संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्याची आशा त्या एका आकड्याने मावळली. याच सुमारास एका मध्यस्थाने त्यांना दूरच्या एका संस्थेत ‘खात्रीची जागा’ देऊ केली होती. त्यासाठी लागणारी रक्कम उभी करण्याकरिता हापूसची वीस कलमे असलेली वडिलोपार्जित बाग विकण्याची तयारी त्या गृहस्थांनी केली होती. त्यांना आमचा सल्ला नको होता, केवळ एक शिफारसपत्र हवे होते.

आम्ही त्यांच्याशी जवळजवळ तासभर बोललो. मुलगी शेजारी मान खाली घालून बसली होती. तिला काय शिकायचे आहे हे आम्ही सर्वांत शेवटी विचारले, आणि ही चूक आमचीच, हे येथे नमूद केले पाहिजे. तिने उत्तर दिले ते असे : “फादर, मला प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे. ते कुठल्या कॉलेजात, याचा मी विचार केलेला नाही. आधी रिझल्टचाच विचार चालला आहे.”

दरवर्षी मे-जून महिन्यांत आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांवर हाच प्रसंग येतो. म्हणून या लेखात गुण कमी पडल्यानंतर संगणकशास्त्राकडे जाणाऱ्या वाटा कोणत्या, प्रत्येकीची किंमत काय आणि निवड करताना कशाला महत्त्व द्यावे, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

टक्के आणि पर्सेंटाइल

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण करू. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात अग्रेसर असतो. २०१२ साली रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विभागीय मंडळ झाले, तेव्हापासून ही परंपरा टिकून आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, तर कोकण विभागाचा ९६.७४ टक्के. याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मात्र मंडळाची परीक्षा आणि प्रवेशपरीक्षा ही दोन वेगळी मापे आहेत. मंडळाचे टक्के विद्यार्थ्याने किती गुण मिळविले हे सांगतात. पर्सेंटाइल मात्र त्याच्याइतके किंवा त्याच्याहून कमी गुण मिळविणारे शंभरात किती, हे सांगते.

एमएचटी-सीईटीच्या गणित गटात गणिताला १०० गुण आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. बहुतेक प्रश्न बारावीच्या आणि काही अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. म्हणजे ज्याचे गणित कच्चे, त्याचे अर्धे बळ तेथेच खर्ची पडते. २०२५ साली या गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एवढ्या मोठ्या संख्येत एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे चार हजार विद्यार्थी. ८५ पर्सेंटाइल मिळविणाऱ्या मुलाच्या पुढेही साठ हजारांच्या आसपास मुले असतात. नामांकित महाविद्यालयांतील संगणक शाखेच्या जागा त्या मानाने अगदी थोड्या आहेत.

म्हणून पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे की ७१ पर्सेंटाइल म्हणजे ७१ टक्के नव्हे आणि ती बुद्धीची पावतीही नव्हे. एका वर्षी, एका शाखेच्या मर्यादित जागांसाठी लागलेल्या रांगेत आपले मूल कोठे उभे आहे, एवढेच तो आकडा सांगतो.

आधी विषय, मग पाटी

संगणकाच्या पदव्यांची नावे अनेक आहेत : बी.ई. किंवा बी.टेक., बी.एस्सी. संगणकशास्त्र, बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान, बी.सी.ए. नावांच्या या गर्दीत मुख्य प्रश्न हरवतो. तो प्रश्न असा की आत काय शिकवितात?

या विद्येचा कणा पाच विषयांचा आहे. माहितीची रचना व ती हाताळण्याच्या रीती, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, हा पहिला. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क हे पुढचे तीन. पाचवा आहे या सर्वांना आधार देणारे गणित, विशेषतः तर्क, मोजणी व संभाव्यता यांचे गणित. अभियांत्रिकीत याखेरीज भौतिकशास्त्र, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख आणि संगणकाच्या अंतर्गत रचनेचा अभ्यास असतो. बी.एस्सी. संगणकशास्त्रात गणित व सिद्धांत यांवर भर असतो. माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीत प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क व वेब यांचा व्यवहारी भाग अधिक असतो. बी.सी.ए.मध्ये त्याच्या जोडीला व्यवसाय व्यवस्थापनाचे काही विषय येतात.

महाविद्यालयाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि वरील पाच विषय त्यात आहेत की नाहीत हे बोट ठेवून तपासावे. ते असतील तर पदवीच्या नावावरून फारसे बिघडत नाही. ते नसतील आणि केवळ नवनव्या तंत्रांची आकर्षक नावे असतील, तर सावध व्हावे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साधा प्रोग्राम क्षणात लिहून देतात. तो प्रोग्राम बरोबर आहे की चूक, हे ओळखणारा माणूस मात्र पायाभूत विषय पक्के असल्याशिवाय घडत नाही.

पहिली वाट : अभियांत्रिकीच, पण यादी डोळसपणे भरून

गुण कमी पडले म्हणजे अभियांत्रिकीची वाट बंद झाली असे समजू नये. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला पात्रतेसाठी बारावीच्या संबंधित विषयांत एकत्रित ४५ टक्के गुण आणि सीईटी दिलेली असणे आवश्यक असते. राखीव प्रवर्गांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून होतात. त्यात महाविद्यालय व शाखा यांच्या पसंतीक्रमाची यादी भरावी लागते, आणि पुष्कळ विद्यार्थी येथेच चुकतात.

या यादीतील एखादा वरचा पर्याय मिळाला नाही, तर खालच्या पर्यायावरील आपला हक्क कमी होत नाही. म्हणून आवडते पण कठीण पर्याय वर, गुणांच्या आवाक्यातील पर्याय मध्यभागी आणि निश्चित मिळतील असे खाली ठेवावेत. केवळ पाच-सहा प्रसिद्ध नावे भरून थांबू नये. मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाल्यास ती जागा बंधनकारक ठरते आणि पुढील फेरीत बदल करता येत नाही. तेव्हा मनापासून हवा असलेला पर्यायच पहिला लिहावा. ताज्या वर्षाचे नियम माहितीपुस्तिकेत वाचावेत, कारण त्यांत फेरबदल होत असतात.

रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, हे आपल्या भागातील कित्येक पालकांच्या लक्षात नसते. ज्या महाविद्यालयांत विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांच्या जागा वेगळ्या दाखविलेल्या असतात, तेथे मुंबई, ठाणे, रायगड भागांतील संस्थांमध्ये आपला विद्यार्थी ‘घरचा’ धरला जातो. मागील वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाचे आकडे, ज्यांना कटऑफ म्हणतात, ते पाहताना आपल्याला लागू असलेलाच रकाना पाहावा.

घराजवळच्या संस्थांचाही विचार व्हावा. रत्नागिरीतील फिनोलेक्स अकादमी १९९६ पासून, तर देवरुखजवळ आंबव येथील राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय १९९८ पासून कार्यरत आहे. खेड तालुक्यात लवेल येथे घरडा इन्स्टिट्यूट आहे. लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. जिल्ह्यातील संस्थेत प्रवेश घेणे म्हणजे कमीपणा, ही भावना आपण मनातून काढून टाकली पाहिजे.

अल्पसंख्याक जागा : आपला हक्क, आपली जबाबदारी

मुंबई परिसरात ख्रिस्ती संस्थांनी चालविलेली काही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. वांद्रे येथील फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज महाविद्यालय (१९८४), वाशी येथील फादर सी. रॉड्रिग्ज इन्स्टिट्यूट (१९९४), बोरिवलीतील सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट (१९९९), कुर्ल्यातील डॉन बॉस्को इन्स्टिट्यूट (२००१) आणि माहीम येथील झेवियर इन्स्टिट्यूट (२००५) ही त्यांतील काही नावे. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थेत त्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी जागांचा मोठा वाटा राखीव असतो आणि या जागा केंद्रीय प्रक्रियेतूनच गुणानुक्रमे भरल्या जातात. तेथील शेवटचा प्रवेश सर्वसाधारण जागांपेक्षा कमी पर्सेंटाइलवर होऊ शकतो.

पण अर्ज भरतानाच अल्पसंख्याक असल्याची नोंद केली नाही, तर हा हक्क त्या वर्षापुरता हातचा जातो. सायबर कॅफेत घाईघाईने भरलेल्या अर्जात हा रकाना रिकामा राहिल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद स्पष्ट आहे की नाही हे दहावीनंतरच तपासावे. काही संस्था बाप्तिस्म्याचा दाखलाही मागतात. तो वेळेवर मिळावा यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात जून उजाडण्यापूर्वी यावे, अखेरच्या दिवशी सायंकाळी नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. राखीव जागा दार उघडते, पण आतला अभ्यास सर्वांना सारखाच असतो. कमी पर्सेंटाइलवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या गणिताची तयारी सुट्टीतच सुरू करावी. पहिल्या सत्रात विषय राहिले की पुढची वर्षे ते ओझे वाहावे लागते.

दुसरी वाट : विज्ञान शाखेची तीन वर्षांची पदवी

अनेक घरांत बी.एस्सी. म्हणजे ‘काहीच मिळाले नाही म्हणून’ घेतलेली पदवी समजली जाते. संगणकाच्या बाबतीत हा समज निराधार आहे. रत्नागिरीत १९४५ साली सुरू झालेल्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान हे दोन्ही विषय पदवीस्तरावर शिकविले जातात. अशा अभ्यासक्रमांना सामान्यतः बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. म्हणजे सीईटीत मागे पडलेला पण मंडळात चांगले गुण मिळविलेला विद्यार्थी येथे पुढच्या रांगेत येतो. बारावीला गणित असणे बहुधा आवश्यक असते. नेमकी अट त्या त्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात पाहावी.

बी.सी.ए.बाबत मात्र नियम बदलला आहे. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि त्यासाठी राज्यात स्वतंत्र सीईटी सुरू झाली. ही परीक्षा न देता बी.सी.ए.च्या भरवशावर राहिलेली मुले ऐन वेळी अडचणीत येतात. ज्यांच्या मनात हा पर्याय दुसऱ्या क्रमांकावर जरी असेल, त्यांनी परीक्षेचा अर्ज मुदतीत भरून ठेवावा.

तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.सी.ए. करता येते. २०२० पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. राज्यातील संस्थांसाठी एम.सी.ए.ची सीईटी असते, तर राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी निमसेट ही परीक्षा असते. ज्या मुलाला बारावीनंतर मोठ्या संस्थेचे दार उघडले नाही, त्याला तीन वर्षांनी, अधिक परिपक्व वयात, पुन्हा ते ठोठावण्याची संधी मिळते. अभियांत्रिकीला चार वर्षे आणि या वाटेने पाच. एक वर्ष अधिक जाते, पण हाती पदव्युत्तर पदवी येते. एम.सी.ए. झाल्यावर गेट परीक्षा देऊन एम.टेक.कडेही वळता येते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही प्रवेशपरीक्षेद्वारे खुले आहेत.

नोकरीच्या बाबतीत वस्तुस्थिती सांगायची तर काही कंपन्या विशिष्ट पदांसाठी केवळ अभियंत्यांनाच बोलावितात आणि आरंभीच्या वेतनातही फरक असतो. तथापि टीसीएस, विप्रो यांसारख्या कंपन्या दीर्घकाळ बी.एस्सी. व बी.सी.ए. पदवीधरांना घेत आल्या आहेत. विप्रोने तर अशा पदवीधरांना काम करता करता एम.टेक.पर्यंत शिकविण्याची योजना राबविली आहे. दार अरुंद आहे, पण बंद नाही.

तिसरी वाट : पदविकेतून द्वितीय वर्षाला

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करणारा विद्यार्थी सीईटी न देता, पदविकेच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊ शकतो. ज्या मुलांचा हात यंत्रावर चांगला चालतो, पण स्पर्धापरीक्षेच्या तीन तासांत जी गोंधळतात, त्यांच्यासाठी ही वाट उत्तम. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही पदविकेच्या द्वितीय वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षे पदविका व पुढे तीन वर्षे अभियांत्रिकी. बी.एस्सी. झालेल्यांनाही जागा शिल्लक असल्यास अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षाला प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. दहावीत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी या वाटेचा विचार आताच करावा. बारावीच्या निकालानंतर तो केला तर एक वर्ष वाया गेल्यासारखे वाटते.

घरी राहून शिकण्याची वाट

ज्या घरात आजारपण आहे, वडील बोटीवर आहेत किंवा मुलाला काम करणे भाग आहे, तेथे दूरशिक्षणाचा विचार करावा. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बी.सी.ए. अनेक वर्षे सुरू आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्स व प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्यासाठी जेईई परीक्षा लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास व त्यानंतरची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास प्रवेश मिळतो. पुढील परीक्षा नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष द्याव्या लागतात. प्रमाणपत्र, पदविका, तीन वर्षांची पदवी व चार वर्षांची पदवी अशा टप्प्यांवर तेथून बाहेर पडता येते. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिल्याने काही विद्यार्थी स्थानिक महाविद्यालयातील पदवीच्या जोडीला हा अभ्यासक्रम करतात.

अर्थात येथे प्रवेश सोपा आणि टिकणे कठीण आहे. अभ्यास इंग्रजीत असतो, गणित पक्के लागते आणि रोज सकाळी ‘उठ, कॉलेजला जा’ म्हणणारी घंटा नसते. स्वतःला शिस्त लावू शकणाऱ्यानेच ही वाट धरावी. आणि कोणत्याही दूरशिक्षणाच्या पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत पाहावे.

दुसरी शाखा घ्यावी का? वर्षभर थांबावे का?

संगणक शाखा मिळाली नाही म्हणून नामांकित महाविद्यालयात दुसरी शाखा घ्यावी का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार ही शाखा संगणकाला जवळची आहे आणि अनेक महाविद्यालयांत जोडविषय म्हणून संगणकाचे विषय घेता येतात. पण ‘पहिल्या वर्षानंतर शाखा बदलू’ या आशेवर नावडती शाखा घेऊ नये. अशा बदलाच्या जागा थोड्या असतात. ती शाखा चार वर्षे शिकण्याची तयारी असेल तरच ती घ्यावी.

वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा निर्णय कधी योग्य ठरतो? आजारपणामुळे वा घरातील दुःखद प्रसंगामुळे अभ्यास झाला नसेल, किंवा सरावात सातत्याने उत्तम गुण मिळत असताना परीक्षेच्या दिवशीच घसरण झाली असेल, तर. ज्याला मुळात गणितच आवडत नाही, त्याला आणखी एक वर्ष शिकवणीला बसवून केवळ त्याचे मन मोडते. अशा मुलाशी शांतपणे बोलावे. कदाचित त्याला संगणक नको असेल, शेजारच्या मुलाने घेतला म्हणून तो मागत असेल.

पैशाचा हिशेब

शासनाच्या शुल्क सवलती प्रामुख्याने कॅपमधून झालेल्या प्रवेशांना मिळतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील, याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठीही राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला त्यासाठी आधीच काढून ठेवावा.

व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत मिळत नाही. खासगी विद्यापीठे व अभिमत विद्यापीठे यांनाही ती लागू नाही. म्हणजे ‘खात्रीच्या जागे’साठी द्यावयाची रक्कम आणि गमावलेली सवलत असे दुहेरी नुकसान होते. शिवाय देणगी घेऊन प्रवेश देणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. रोख रक्कम मागणारा आणि पावती न देणारा मध्यस्थ जागा देतो की नाही हे पुढे कळते. पैसे मात्र आधीच गेलेले असतात, आणि दाद मागण्यासाठी हाती कागदही नसतो.

कर्ज काढावयाचे झाल्यास बँकेचे शैक्षणिक कर्ज सावकारीपेक्षा कितीतरी बरे. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागत नाहीत आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात. तरीही अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, भोजन, प्रवास व लॅपटॉप यांची बेरीज एका कागदावर मांडून मगच सही करावी.

निवड करण्यापूर्वी

महाविद्यालयात स्वतः जाऊन यावे, आणि जमल्यास सुट्टीत नव्हे तर कामाच्या दिवशी. प्रयोगशाळेतील संगणक चालू आहेत का, शिक्षक कायम आहेत की दर सत्राला बदलतात, ग्रंथालयात मुले बसलेली दिसतात का, हे डोळ्यांनी पाहावे. फलकावर छापलेल्या सर्वांत मोठ्या वेतनाच्या आकड्याला भुलू नये. वर्गातील किती मुलांना नोकरी मिळाली आणि त्यांच्या मधल्या मुलाला किती वेतन मिळाले, हे विचारावे. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांशी फाटकाबाहेर बोलावे. त्यांनी दिलेली माहिती कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

आणि पालकहो, हे सर्व करण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला विचारावे. गुण कमी पडलेले मूल आधीच स्वतःला अपराधी समजत असते. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य त्या आठवड्यात उच्चारू नये. मूल बोलेनासे झाले, जेवेनासे झाले, तर प्रवेशाचा अर्ज बाजूला ठेवून प्रथम त्याच्याजवळ बसावे, आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्यावे. प्रवेशाच्या फेऱ्या दरवर्षी येतात.

प्रारंभी उल्लेखिलेल्या कुटुंबाची कहाणी सांगून हा लेख संपवितो. त्या दिवशी आम्ही शिफारसपत्र दिले नाही. त्याऐवजी पुढचा आठवडाभर ते गृहस्थ, त्यांची पत्नी आणि मुलगी यांनी कागद-पेन्सिल घेऊन सर्व पर्यायांचा हिशेब मांडला. मुलीने रत्नागिरीतच बी.एस्सी. संगणकशास्त्राला प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात गणिताने तिला रडविले. दुसऱ्या सत्रात ते सुटू लागले. ती आता तिसऱ्या वर्षात जात असून एम.सी.ए.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. तिला कोणती संस्था मिळेल, पुढे कोठे नोकरी लागेल, हे आम्ही सांगू शकत नाही. परवा तिचे वडील भेटले, तेव्हा त्यांनी यंदाच्या हापूसचे दोन डझन आंबे धर्मगुरुनिवासात आणून दिले. ते त्याच बागेचे होते.